ढोल वाजवण्यास तंदुरुस्त

बावन्नाव्या वर्षी माणसाने कमरेला ढोल बांधून दोन तास वाजवावा की नाही, याबद्दल अमेरिकेतल्या पार्सिपनीच्या मराठी मंडळींत दोन मतं होती. एक विनय टिकेकरचं आणि दुसरं उरलेल्या सगळ्यांचं. तरीही गणपतीच्या मिरवणुकीत विनय गेली चार वर्षं तिसऱ्या रांगेत वाजवत आला होता, आणि यंदा पथकाचा प्रमुख वेदांत याने त्याला पहिल्या रांगेत घेतलं होतं. पहिल्या रांगेचं महत्त्व बाहेरच्यांना कळायचं नाही. तिचे फोटो निघतात, व्हिडिओ थेट पुण्यापर्यंत जातात. तिसऱ्या रांगेतल्या माणसाची फक्त कोपरं दिसतात. विनयच्या सांगलीच्या ताईकडे त्याच्या कोपरांचे चार वर्षांचे फोटो जमले होते आणि ती दर वर्षी प्रामाणिकपणे 'छान दिसतोयस' असं कळवत असे.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मंडळाच्या सेक्रेटरी नीनाताईंची मेल आली. गेल्या वर्षी मिरवणुकीत एक धडधाकट गृहस्थ सकाळपासून नुसत्या चहावर राहून ऐन रंगात आडवे झाले होते. ॲम्ब्युलन्स आली, आणि तिला वाट द्यायला बाप्पाला दहा मिनिटं हायस्कूलच्या पार्किंग लॉटमध्ये ताटकळत उभं राहावं लागलं. त्यावर कमिटी बसली, आणि वर्षभर बसून तिने एक नियम काढला. पन्नाशी पूर्ण केलेल्या प्रत्येक वादकाने वार्षिक वैद्यकीय तपासणी करून, डॉक्टरची सही असलेला फॉर्म मिरवणुकीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आत द्यायचा. फॉर्म नाही तर ढोल नाही.

ही मेल विनयच्या बायकोने, आसावरीने, स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवली. तिच्या आवाजात जरा समाधान होतं. ती त्याच पथकात सगळ्यात पुढे ध्वज घेऊन नाचायची, आणि तिला पन्नाशीला अजून चार महिने होते.

विनय नऊ वर्षांत डॉक्टरकडे गेला नव्हता. त्यामागे आळस नव्हता, तत्त्व होतं. काही दुखत असेल तर डॉक्टरकडे जावं. काही दुखत नसताना गेलं तर तो काहीतरी शोधल्याशिवाय परत पाठवत नाही, कारण त्यालाही त्याच्या शिक्षणाची लाज असते. या तत्त्वाला शेजारच्या प्रसादचा पाठिंबा होता. प्रसाद एका औषध कंपनीत आकडेवारी बघायचा आणि दोन घरांमधलं गवत कापताना मशीन बंद करून ती लोकांना सांगायचा.

"हजारो लोकांवरचे स्टडीज आहेत यार," तो म्हणाला. "दर वर्षी चेकअप करणारे आणि न करणारे, दोघं सारखेच मरतात."

"सगळेच मरतात, प्रसाद."

"तेच तर म्हणतोय. डेटा क्लिअर आहे. आणि गेलासच तर एक लक्षात ठेव. काही दुखतंय असं चुकूनही बोलू नकोस. बोललास की ती वार्षिक तपासणी राहत नाही, ती वेगळी व्हिजिट होते आणि वेगळं बिल येतं. आपण अगदी ठणठणीत आहोत असं दाखवायचं आणि बाहेर पडायचं."

ठणठणीत असल्याचं दाखवण्यासाठी आधी आत जाणं भाग होतं, आणि तिथेच पहिली अडचण आली. नऊ वर्षं फिरकला नाही म्हणून क्लिनिकने विनयचं नाव केव्हाच पुसून टाकलं होतं. तो आता 'न्यू पेशंट' होता, आणि न्यू पेशंटला पहिली मोकळी तारीख नोव्हेंबरातली होती. नोव्हेंबरात बाप्पा जाऊन दिवाळीचा फराळही संपलेला असतो. एखाद्याने अपॉइंटमेंट कॅन्सल केली तर मध्ये घुसता येईल, असं फोनवरच्या बाईने सांगितलं, पण त्यासाठी रोज सकाळी आठच्या ठोक्याला फोन करायला हवा होता. आठच्या ठोक्याला विनय बसमध्ये असायचा. म्हणून फोन आसावरी करायची. एका कानाला फोन, तव्यावर थालीपीठ, आणि फोनमधून येणारा तोच तो पियानो. असे तिचे तीन आठवडे गेले.

"तो पियानो ऐकून माझं डोकं उठतं रोज," ती म्हणायची आणि एक गोळी घ्यायची.

शेवटी जुलैचा शेवटचा मंगळवार मिळाला. आणि तारीख पक्की झाल्याबरोबर विनयच्या अंगात दहावीचा विद्यार्थी संचारला.

आपल्या माणसाला तपासणी हा प्रकार समजत नाही. त्याला परीक्षा समजते. तपासणीला माणूस जसा असेल तसा जातो. परीक्षेला तयारी करून जातो. विनयने लॅपटॉपवर तक्ता केला. डाव्या बाजूला कोलेस्टेरॉल, साखर, वजन, ब्लडप्रेशर असे विषय, मधल्या रकान्यात पास व्हायला किती लागतं ते, आणि उजवीकडे स्वतःचं लक्ष्य. लक्ष्य सगळीकडे डिस्टिंक्शनचं होतं. भात बंद झाला. सकाळी कारल्याचा रस, दुपारी मेथीचं पाणी. संध्याकाळी पथकाची तालीम दीड तास, आणि घरी आल्यावर गॅरेजमध्ये ढोल कमरेला बांधून आणखी दीड तास, त्यात मध्येमध्ये उठाबशा. गॅरेजचा दरवाजा लावून घ्यावा लागे, कारण पलीकडच्या अमेरिकन बाईंनी दोनदा येऊन, घरात काही बांधकाम चाललंय का, असं फार गोड आवाजात विचारलं होतं.

मुलगी सावनी बॉस्टनला कॉलेजात होती. व्हिडिओ कॉलवर तिने बापाचा तक्ता पाहिला.

"बाबा, यू कान्ट स्टडी फॉर अ फिजिकल," ती म्हणाली. "दे जस्ट वॉन्ट टू सी हाउ यू आर."

"कसा आहे ते बघू दे की. पण चांगला आहे असं दिसलं तर बिघडलं कुठे?"

"दॅट्स नॉट हाउ इट वर्क्स."

विनयने तिच्याकडे दुर्लक्ष केलं. ज्या मुलीला शाळेत असताना याच बापाने बीजगणिताचे मागच्या दहा वर्षांचे पेपर सोडवायला लावले होते, तिने हे बोलावं याचं त्याला वाईट वाटलं.

समोरच्या घरात मनोहरकाका राहायचे. वीज मंडळातून निवृत्त होऊन मुलाकडे आलेले, चौऱ्याहत्तर वर्षांचे. दिवसभर घरात एकटे असल्यामुळे कुणी गाडीतून उतरताना दिसलं की ते सल्ला घेऊन बाहेर येत. विनयची परीक्षा जवळ आल्याचं कळताच त्यांनी त्याला गुळवेलीच्या काढ्याची एक बाटली दिली. बाटली जुन्या लोणच्याची होती आणि तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

"दोन चमचे सकाळी, दोन चमचे रात्री. रक्त कसं आरशासारखं होतं."

"साइड इफेक्ट वगैरे काही, काका?"

"आयुर्वेदात साइड नसते."

परीक्षेच्या आदल्या दिवशी विनयने उजळणी म्हणून साडेतीन तास वाजवलं. सकाळी दोन्ही हात खांद्याच्या वर जाईनात. आसावरीने त्याला शर्ट घालून दिला, स्वतः एक डोकेदुखीची गोळी घेतली, आणि तो रिकाम्या पोटी क्लिनिकला गेला.

क्लिनिकमध्ये डेनिस नावाची नर्स होती. वीस वर्षं त्याच खोलीत लोकांच्या दंडाला पट्टे बांधत आलेली, कशानेही न दचकणारी बाई. तिने विनयला कागदाचा झगा दिला. तो मागून उघडा असतो हे विनयला घातल्यावर समजलं, आणि त्यानंतरच्या चाळीस मिनिटांत त्याने पाठ भिंतीपासून हलवली नाही. डेनिसने ब्लडप्रेशर मोजलं. एकशे बावन्न आणि चौऱ्याण्णव. तिने पुन्हा मोजलं. एकशे छप्पन्न. पहिल्याच विषयात नापास झालेल्या माणसाचा चेहरा जसा होतो, तसा विनयचा झाला.

डॉक्टर रोमानो नावाच्या बाई होत्या, साठीच्या, चष्मा कपाळावर ठेवणाऱ्या. त्यांनी मंडळाचा फॉर्म उलटसुलट करून पाहिला. त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शाळेच्या फुटबॉलसाठी फॉर्म होता, स्कूबा डायव्हिंगसाठी होता, ढोलासाठी नव्हता.

"ड्रम म्हणजे बसून वाजवता ना?" त्यांनी विचारलं.

विनयने समजावून सांगितलं. बसून नाही. कमरेला बांधून. चालत, थोडं वाकत, थोडं उडी मारत. वजन लहान मुलाएवढं. दोन तास. बाईंना ते डोळ्यांसमोर येईना, म्हणून विनयने एका हाताने झगा मागून घट्ट धरून दुसऱ्या हाताने, नसलेल्या ढोलावर, नसलेल्या टिपरूने पथकाचा पहिला ठेका वाजवून दाखवला. डेनिसने दारातून डोकावून पाहिलं आणि फॉर्मवर 'व्यायामाचा प्रकार' याच्यापुढे 'धार्मिक, जोरदार' असं लिहिलं.

"काही त्रास?" डॉक्टरांनी विचारलं.

विनयला प्रसादचा इशारा आठवला. खांदे ठणकत होते, मांड्या भरून आल्या होत्या, उजव्या मनगटाला तर स्पर्श सहन होत नव्हता.

"काहीच नाही," तो म्हणाला. "एकदम ठणठणीत."

रक्त घेतलं, आणि रिपोर्ट आल्यावर सही करू असं सांगून त्याला घरी पाठवलं.

पूर्वी रिपोर्ट डॉक्टरच्या हाती पडायचा आणि डॉक्टर तो सौम्य करून सांगायचा. आता तो आधी पेशंटच्या फोनवर पडतो. विनय ऑफिसच्या मीटिंगमध्ये होता तेव्हा फोन थरथरला. कोलेस्टेरॉल उत्तम. साखर उत्तम. खाली लिव्हरचे दोन आकडे मात्र लाल रंगात होते, आणि त्यातला एक असायला हवा त्याच्या तिपटीहून जास्त होता. विनयने टेबलाखाली फोन धरून ते आकडे इंटरनेटवर शोधले. इंटरनेटने त्याला साधारण सात आजार सुचवले, आणि त्यातल्या तिसऱ्याला तो स्वतःच शोभतो असं त्याला वाटायला लागलं.

दुपारी डॉक्टर रोमानोंचा फोन आला.

"दारू किती घेता?"

"अजिबात नाही."

"बरं. आठवड्याला साधारण किती?"

विनय टिकेकरने आयुष्यात दोनदा बिअर चाखली होती, आणि दोन्ही वेळा ती कडू आहे असं मत दिलं होतं. आज बावन्नाव्या वर्षी एका परक्या बाईने आपला शब्द मानू नये याने तो आतून दुखावला. पण जितक्या ठामपणे तो नाही म्हणे तितकी पलीकडची शांतता लांबत जाई. शेवटी त्या म्हणाल्या की सोनोग्राफी करून घेऊ. सही त्यानंतर.

लिव्हर हा शब्द वाईट. गुडघा म्हटलं की लोक सहानुभूती दाखवतात. लिव्हर म्हटलं की ते दोन पावलं मागे सरून नव्याने बघतात. मनोहरकाकांनी विनयला रस्त्यात गाठून खांद्यावर हात ठेवला. "मी कुणाला बोलणार नाही," ते म्हणाले. त्यावरून त्यांनी कुणाकुणाला सांगितलं असेल याचा विनयला अंदाज आला. प्रसादने मात्र गवताचं मशीन बंद केलं आणि आनंदाने विचारलं, "सांगितलं होतं की नाही? आता बघ, एकातून एक निघत जाईल."

आणि तसंच झालं. सोनोग्राफीत लिव्हर स्वच्छ निघालं. पण ज्याला कुणी बोलावलं नव्हतं असं डावं मूत्रपिंड चित्रात आलं, आणि त्याच्यावर वाटाण्याएवढा पाण्याचा फुगा दिसला. तो बहुतेकांना असतो, त्याने काही होत नाही, असं रिपोर्टातच लिहिलं होतं, आणि त्याच्याच खालच्या ओळीत तो पुन्हा एकदा नीट पाहावा असंही लिहिलं होतं. नीट पाहिला. त्याने काही होत नाही हे पुन्हा एकदा लिहून आलं. तोवर ऑगस्टची बारा तारीख उजाडली होती आणि फॉर्मवर सही नव्हती.

डॉक्टरांनी विनयला, तो जे जे पोटात घेतो ते सगळं पिशवीत घालून आणायला सांगितलं. त्यांनी कारल्याचा रस हुंगला, मेथीचं पाणी हुंगलं, आणि चिठ्ठी नसलेली लोणच्याची बाटली उजेडात धरून बराच वेळ पाहिली.

"हे कुणी दिलं?"

"समोरच्या काकांनी."

"ते डॉक्टर आहेत?"

"वीज मंडळात होते."

बाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर आणला. "आणि हे ड्रमचं. तपासणीच्या आधी किती वाजवत होता?"

"रोज तीन तास. आदल्या दिवशी साडेतीन. उठाबशा वेगळ्या."

"आणि काही दुखत नव्हतं?"

इथे विनयची पंचाईत झाली. खरं सांगावं तर आधीचं खोटं उघडं पडत होतं. त्याने खरं सांगितलं. डॉक्टर रोमानो खुर्चीला टेकल्या. लाल झालेले आकडे नुसत्या लिव्हरचे नसतात, त्यांनी सांगितलं, ते दंडामांड्यांच्या स्नायूंतूनही रक्तात येतात. स्नायूंना कुणी इतकं कुटलं तर येणारच. काढ्याचं मात्र त्यांना सांगता येईना, कारण त्यात काय आहे ते बाटलीलाही माहीत नव्हतं. दोन आठवडे सगळं बंद. रस बंद, काढा बंद, ढोल बंद. मग पुन्हा रक्त. ब्लडप्रेशर इथे घाबरून वाढत असेल, तेव्हा घरी मशीन आणून शेवटचा आठवडा रोज मोजायचं. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी, शुक्रवारी, मशीन घेऊन यायचं. सगळं ठीक असेल तर सही.

आता पथकाचाही एक नियम होता. सलग दोन तालमी चुकवणारा पहिल्या रांगेत उभा राहत नाही. वेदांत अठ्ठावीस वर्षांचा होता, जर्सी सिटीला बँकेत नोकरी करायचा आणि तालमीसाठी तासभर ड्राइव्ह करून यायचा. त्यामुळे कुणाचीही सबब ऐकण्याच्या मनःस्थितीत तो नसे.

"काका, रुल इज रुल," तो म्हणाला. "पण एक करू. तुम्ही तालमीला या, झांज वाजवा. अटेंडन्स लागेल. फॉर्म आला की पहिली रांग तुमचीच."

झांजेला पथकात दहा-बारा वर्षांची मुलं असतात. दोन आठवडे विनय टिकेकर, बावन्न वर्षं, सीनियर आर्किटेक्ट, त्यांच्या मधोमध उभा राहून झांज वाजवत होता. शेजारची एक दात पडलेली मुलगी त्याला, "अंकल, यू आर लेट," असं दर ठेक्याला बजावत होती. पुढे आसावरी ध्वज घेऊन गिरक्या घ्यायची. तीन वर्षं मागे लागून तिने तो ध्वज मिळवला होता. हवेत उंच फेकून झेलण्याची तिची जी रीत होती, ती बघायला रस्त्यावरच्या गाड्या हळू होत. अलीकडे मात्र ती दोन गिरक्यांनंतर थांबायची आणि बाटलीतलं पाणी डोक्यावर ओतून घ्यायची. ऑगस्टचं ऊन होतं. विनयला त्यात काही वेगळं वाटलं नाही.

ब्लडप्रेशरचं मशीन घरी आलं. विनय सकाळी ऑफिसला जायच्या आधी आणि संध्याकाळी आल्यावर, पाय जमिनीला टेकवून, हात टेबलावर ठेवून, एक शब्द न बोलता मोजायचा आणि वहीत लिहायचा. एकशे सव्वीस, एकशे चोवीस. नुसत्या विश्रांतीने आणि भाताने तो माणूस सुधारला होता. गुरुवारी रक्ताचा रिपोर्ट आला, तोही सगळा हिरवा. विनयने तो फ्रीजवर लावला. त्याच जागी पूर्वी सावनीच्या मार्कशीट लागत असत.

शुक्रवारी दुपारी साडेतीनची वेळ होती. विनयच्या मांडीवर मशीन, मशीनवर वही, वहीत फॉर्म. गाडी आसावरी चालवत होती. पाचच्या आत फॉर्म नीनाताईंकडे पोचवायचा होता आणि विनयवर सिग्नल बघण्याचाही ताण नको, असं तिचं म्हणणं होतं.

डेनिसने त्याच्या एका हाताला तिचा पट्टा बांधला, मग दुसऱ्याला घरचा. दोन्ही मशीनांत जेमतेम दोनाचा फरक. "मशीन चांगलं आहे," ती म्हणाली. आणि ज्यांना वीस वर्षं पेशंटांच्या वह्यांवर विश्वास न ठेवण्याची सवय असते ते करतात तेच तिने केलं. तिने मशीनचं एक बटण दाबून त्याच्या मेमरीतले आकडे एकेक करून बघायला सुरुवात केली. मशीनला अशी मेमरी असते हे विनयला माहीत नव्हतं. तो निश्चिंत होता, कारण त्याने वहीत काही लपवलं नव्हतं.

डेनिसचं बोट थांबलं.

"सोमवारी सकाळी साडेनऊ. एकशे शहात्तर आणि एकशे दोन. हे वहीत नाही."

"साडेनऊला मी ऑफिसात असतो," विनय म्हणाला.

"मंगळवारी एकशे एक्याऐंशी. बुधवारी दोनदा." तिने बटण दाबणं सोडलं. "काल सकाळी एकशे एकोणऐंशी."

सही समोर होती, पेन डेनिसच्या खिशाला होतं, आणि ऐन वेळी मशीन दगा देत होतं. "मशीन बिघडलंय," तो घाईने म्हणाला. "ते माझे नाहीत. मी शपथेवर सांगतो, माझे नाहीत."

"त्याचे नाहीत," आसावरी म्हणाली. ती कोपऱ्यातल्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. "माझे आहेत."

मग डेनिसने विनयच्या दंडावरचा पट्टा सोडला, खुर्ची ओढून आसावरीपुढे बसली, आणि तिच्या दंडाला तो बांधला. एकशे अठ्ठ्याहत्तर आणि एकशे चार. पाच मिनिटं शांत बसवून पुन्हा मोजलं. तेवढंच.

"तू मला का नाही सांगितलंस?" विनयने मराठीत विचारलं.

"आधी वाटलं मशीनच चुकीचं आहे. मग तुझे आकडे बरोबर येतायत म्हटल्यावर ते वाटेना." तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला. "उद्या मिरवणूक झाली की सांगणार होते. तीन वर्षांनी ध्वज मिळालाय रे. आणि मला तर फॉर्मसुद्धा नको होता."

विनयला भीती वाटली. लाल आकडे पाहून वाटली होती ती भीती निराळी. तिच्यात स्वतःची कीव बरीच मिसळलेली होती. ही निव्वळ होती. रोज सकाळी आठला फोन कानाला लावून उभी असलेली बायको, तव्यावरचं थालीपीठ, आणि ती गोळी, हे सगळं त्याला एकदम दिसलं. त्या महिन्याभरात त्या घरात एका माणसाच्या रक्ताचा थेंब अन् थेंब मोजला गेला होता आणि दुसऱ्या माणसाला कुणी साधं विचारलंही नव्हतं.

डॉक्टर रोमानोंनी दोन पेशंटांच्या मधे तिला तपासलं, बऱ्याच गोष्टी विचारल्या, आणि आसावरीने प्रत्येक प्रश्नाचं खरं उत्तर दिलं. आजपासून गोळी, सोमवारी रक्त, आणि डोक्यावर जड काठी घेऊन उन्हात उड्या मारणं तूर्त नाही. "वेळेवर कळलं," त्या म्हणाल्या. मग त्यांनी विनयचा फॉर्म पुढे ओढला आणि सही केली. ढोल वाजवण्यास तंदुरुस्त.

बाहेर पार्किंग लॉटमध्ये गाडी विनयने घेतली. किल्ली लावून तो तसाच बसला.

"पाच वाजतील," आसावरी म्हणाली.

"मी नाही वाजवत उद्या."

"वाजव. नाहीतर मी ध्वज घेईन. मला अडवायला नियम नाहीये."

ती तसं करील, हे तेवीस वर्षांच्या संसारामुळे त्याला माहीत होतं. पाचला सात मिनिटं कमी असताना फॉर्म नीनाताईंच्या हातात पडला. त्यांनी तो पंच करून फाइलला लावला आणि म्हणाल्या, "बघा, किती सोपं असतं."

शनिवारी मिरवणूक निघाली. हायस्कूलच्या कोपऱ्यावर झाडाखाली आसावरी घडीच्या खुर्चीत बसली होती, शेजारी पाण्याच्या बाटल्या आणि मनोहरकाका. काका तिला गुळवेलीबद्दल काही सांगू लागले होते, ते तिने एका नजरेत थांबवलं. ध्वज जर्सी सिटीच्या एका मुलीकडे गेला. तिला तो झेलता येत होता, पण फेकायची ती जेमतेम हातभर. विनय पहिल्या रांगेत मधोमध होता आणि त्याचं वादन त्या दिवशी अगदी बेताचं झालं. तो सारखा झाडाकडे बघत होता. तिसऱ्या ठेक्याला त्याचा एक ठोका आधी पडला, आणि वेदांतने त्याच्याकडे जे पाहिलं ते व्हिडिओत स्पष्ट आलं आहे. पहिल्या रांगेत काही लपत नाही. सांगलीच्या ताईने तो व्हिडिओ पाहून 'छान दिसतोयस, पण बघतोयस कुठे?' असं कळवलं.

मधल्या विश्रांतीत विनय ढोल सोडून आसावरीजवळ गवतावर येऊन बसला. प्रसादही तिथे होता, हातात प्रसादाचा द्रोण घेऊन.

"मग? ओव्हरऑल चेकअपचा उपयोग झाला म्हणायचा की नाही?" त्याला आकडेवारीसाठी उत्तर हवं होतं.

विनयने विचार केला. ज्याला तपासलं त्याला काही झालेलं नव्हतं. जिला झालं होतं तिला कुणी तपासलंच नव्हतं. ती एका बटणामुळे सापडली. "मला नाही सांगता येत," तो म्हणाला. प्रसाद नाराज होऊन द्रोण टाकायला गेला.

आसावरीने विनयच्या मनगटाला गुंडाळलेली पट्टी सारखी केली. पट्टी नीट बसल्यावरही तिने हात काढून घेतला नाही.

"पुढच्या वर्षी मी पन्नाशीत," ती म्हणाली. "मलाही फॉर्म लागेल."

"मी आहे ना. आठला फोन मी करीन, बस चुकली तरी चालेल. आणि जूनपासूनच सुरुवात करू. सकाळी चालायला जायचं, मीठ कमी, एक साधा तक्ता करून ठेवतो, त्यात तुझे..."

"विनय," आसावरी म्हणाली. "तयारी नको. मी आहे तशी जाईन."